मसाल्याच्या पाकिटावर नाव छापण्याआधी

सांगलीत आमचं लेबल आणि पाऊच छापायचं काम आहे. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी पाकिटं छापते. नवा धंदा सुरू करणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा माल तयार असतो, फूड लायसन हातात असतं, आणि नाव मात्र आदल्या रात्री घरात बसून घाईघाईत ठरवलेलं असतं. पुढची अनेक वर्षं ज्या शब्दावर धंदा उभा राहणार, त्याला एक संध्याकाळ मिळते. याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून गिऱ्हाइकांना समोर बसवून जे सांगते ते इथे लिहून ठेवते आहे.

उदाहरणाला कांदा-लसूण मसाला घेते. आमच्या भागात हा मसाला घरोघरी होतो, उन्हाळ्यात मिरची कांडपाला रांगा लागतात आणि त्यातूनच कितीतरी बायका विक्रीकडे वळतात. लोणचं, शेवया, बेदाणे, साबण किंवा खानावळ असली तरी रीत हीच आहे. नमुन्यादाखल जी नावं येतील ती फक्त समजावण्यासाठी आहेत. तपासल्याशिवाय त्यांतलं एकही उचलू नका.

नावाने मागितलं पाहिजे

किराणा दुकानात उभं राहून गिऱ्हाईक कसं मागतं ते ऐका. "कांदा-लसूण मसाला द्या" म्हटलं की दुकानदार त्याला ज्यात चार पैसे जास्त सुटतात तो पुडा पुढे करतो. तुमचं नाव घेऊन मागितलं तरच तुमचा पुडा निघतो. नावाने मागितलं जाणं, हे ब्रँडच्या नावाचं पहिलं काम. शब्द किती सुंदर, त्यात किती अर्थ भरलाय, हे सगळं त्यानंतर.

म्हणूनच 'घरगुती', 'गावरान', 'अस्सल', 'चविष्ट', 'झणझणीत' या शब्दांवर नाव उभं करू नका. माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर हेच शब्द सर्वांत जास्त असतात आणि त्यामागची भावना खरी असते, कारण मसाला खरंच घरगुती असतो. पण शेजारच्या पुड्यावरही तेच लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाच्या लक्षात माल राहतो, तुम्ही राहत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ९ सांगतं की मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणारा शब्द साधारणपणे कुणा एकाच्या नावावर नोंदवता येत नाही. हे योग्यच आहे. 'झणझणीत' हा शब्द एकाला दिला तर बाकीच्यांनी आपला मसाला कसा आहे ते सांगायचं कसं?

खाद्यपदार्थांत आणखी एक अडचण आहे, ती छापखान्यात आल्यावर कळते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे ब्रँडच्या नावात नैसर्गिक, ताजं, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाचं विशेषण असेल आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखं असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे, असा खुलासा लेबलवर द्यावा लागतो. त्याची अक्षरं ३ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत. पन्नास ग्रॅमच्या पुड्यावर ३ मिलिमीटरची अशी ओळ म्हणजे केवढी जागा, ते पट्टी घेऊन बघा. 'शुद्ध' असं नाव द्यायचं आणि खालीच हा खुलासा छापायचा, यापेक्षा ते विशेषण नावातून काढून टाकलेलं बरं.

गावाच्या नावाचंही तसंच. 'कोल्हापुरी' म्हटलं की तिखट डोळ्यांपुढे येतं हे कबूल, पण ते सगळ्यांचंच आहे. सांगलीची हळद, सांगलीचे बेदाणे, कोल्हापूरचा गूळ यांना तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे; ती त्या भागातल्या उत्पादकांची सामायिक ओळख आहे, एकट्याने त्यावर ट्रेडमार्क घेता येत नाही. पार्ले हे नाव विलेपार्ल्यावरून आलं आणि ते बिस्किटांचंच होऊन गेलं, असं मला कुणी ना कुणी सुनावतंच. खरं आहे. पण तो कारखाना १९२९ चा आहे, आणि गावाचं नाव मालाचं होईपर्यंत किती काळ आणि किती बिस्किटं गेली असतील याचा विचार करा. तुमच्याकडे आत्ता एका मोसमाचं भांडवल आहे.

मग नाव आणायचं कुठून

मला सर्वांत आवडतात ती मालाकडे बोट न दाखवता त्याची आठवण करून देणारी नावं. कोल्हापूर जिल्हा दूध संघाचं 'गोकुळ' बघा. त्यात दूध हा शब्द नाही, पण ऐकताक्षणी गाई, लोणी, कृष्ण सगळं उभं राहतं. लहान मुलालाही उच्चारता येतं, तीन अक्षरांत संपतं. नवख्या धंद्याला हा मार्ग सर्वांत सोपा जातो, कारण जाहिरातीला पैसे नसतात आणि अर्धं काम नावच करून टाकतं.

दुसरा मार्ग घडवलेल्या शब्दाचा. दांडेकरांनी १९३१ मध्ये 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईचा धंदा सुरू केला, मग 'कॅमल इंक' आली आणि त्या दोन शब्दांच्या जोडणीतून 'कॅमलिन' तयार झालं. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीच्या आद्याक्षरांतून 'विको' झालं. करसनभाई पटेलांनी मुलीच्या निरुपमा या नावावरून 'निरमा' केलं. असे शब्द आधी कुणाच्या तोंडात नसतात, त्यामुळे राखायला सर्वांत भक्कम. मात्र सुरुवातीला ते रिकामे असतात, त्यांत अर्थ तुम्हाला भरावा लागतो. 'विको' बोलायला सुटसुटीत आहे म्हणून चाललं. तीन भावांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून काहीही बनतं असं नाही. जे बनेल ते मोठ्याने म्हणून बघा.

तिसरा मार्ग म्हणजे मालाशी संबंध नसलेला, पण ओळखीचा शब्द. मसाल्याला 'मैना', साबणाला 'पतंग'. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं. "मसाल्याचा मैनेशी काय संबंध?" हा प्रश्न येतोच. संबंध नाही म्हणूनच ते नाव तुमचं एकट्याचं होऊ शकतं.

कच्ची यादी करताना घरातल्या सगळ्यांना घ्या, विशेषतः आजीला. स्वयंपाकघरातली जुनी भांडी, शेतातली अवजारं, मोसमांची नावं, पाखरं, ओव्यांतले शब्द, लहानपणीचे खेळ, सगळं कागदावर येऊ द्या. त्या दिवशी कुठल्याच नावाला नाही म्हणायचं नाही. नाव बाहेरून मागवायलाही हरकत नाही. लिज्जत पापडाचं काम १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये, तेही स्पर्धा घेऊन, बक्षीस पाच रुपये. आधी पापड चांगला केला, विकला, मग नाव शोधलं. हा क्रम मला फार शिकवणारा वाटतो.

आडनाव, देव आणि महाराज

आडनावाबद्दल माझं मत सांगते. बेडेकर, चितळे ही आडनावं आज मालाची हमी वाटतात, कारण त्यांच्यामागे पिढ्यांचं काम आहे. पण तुमचं आडनाव पाटील, कदम किंवा जाधव असेल तर तालुक्यात उद्या दुसरा पाटील मसाला काढेल, आणि प्रामाणिकपणे स्वतःचं आडनाव वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ चा आधार आहे. शिवाय भाऊ वेगळे झाले की नाव कुणाचं यावरून घरं तुटतात. आडनाव वापरायचंच असेल तर त्याला दुसरा वेगळा शब्द जोडा, आणि ते कुणाच्या मालकीचं हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा.

बचत गटांनी तर हे करायलाच हवं. ट्रेडमार्कचा अर्ज बहुधा अध्यक्षबाईंच्या नावाने होतो. दोन वर्षांनी अध्यक्ष बदलतात, नाव मात्र पहिल्या बाईंच्या नावावर राहतं. कुणाच्या मनात पाप नसतं, तरी गट अडकतो. ज्याच्या नावाने अर्ज, त्याची मालकी. म्हणून आधी गटाची भागीदारी, कंपनी किंवा सहकारी संस्था करून तिच्या नावाने अर्ज करता येतो का ते सल्लागाराला विचारा. ते जमत नसेल तर निदान सर्वांच्या सह्यांचा ठराव करून ठेवा.

देवाच्या नावांना मी दोन कारणांसाठी नको म्हणते. पहिलं, लक्ष्मी, गणेश, अंबाबाई ही नावं इतक्या दुकानांवर आहेत की गिऱ्हाईक तुम्हाला वेगळं ओळखणार नाही. पवित्र ग्रंथांच्या नावांबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे: अगरबत्तीसाठी 'रामायण' हा ट्रेडमार्क कुणा एकाला मिळणार नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुडा रिकामा झाला की कचऱ्यात जातो, पायाखाली येतो. देवाचं नाव छापलेला कागद उकिरड्यावर बघून आपल्याच गिऱ्हाइकाचा जीव चुटपुटतो. ज्याची आपण सकाळी पूजा करतो ते नाव अशा जागी का पाठवायचं?

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव महाराष्ट्रात कुणाच्याही मनात येणार. पण १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ते वापरता येत नाही. असं आर्टवर्क आलं तर मी छापायला घेत नाही.

तोंडावर, फोनवर, पाकिटावर

यादीतून पाच-सहा नावं उरली की त्यांची परीक्षा घ्या. एस.टी. स्टँडवरून घरी फोन लावा. मागे गाड्यांचा, कंडक्टरच्या हाकांचा गलका असू द्या. नाव एकदाच सांगा आणि समोरच्याला म्हणा, ऐकलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव. मराठीत एक लिहायला सांगा, रोमन अक्षरांत एक. चार माणसांकडून चार वेगळी स्पेलिंगं आली तर तुमचं नाव इंटरनेटवर शोधणारी माणसंही अशीच चुकणार. ज्ञ, ऋ, ळ असलेल्या नावांत हे हमखास होतं. मला ळ अतिशय प्रिय आहे, तो टाळा असं मी म्हणणार नाही. 'गोकुळ' त्याच्यासकट घरोघरी पोचलंच. पण नाव लांब असेल आणि त्यात अशी दोन-तीन अक्षरं असतील तर विचार करा. मोबाइलच्या बोलून शोधायच्या सोयीलाही नाव सांगून बघा, तो काय लिहितो ते दिसेल.

मिरजेपासून कर्नाटक जवळ. विजापूर, बेळगावकडे माल जाणार असेल तर कन्नड बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाला नाव म्हणायला लावा आणि त्यांच्याकडे त्याचा काही भलता अर्थ होत नाही ना ते विचारा. पुण्या-मुंबईच्या दुकानांसाठी हिंदी, गुजराती बोलणाऱ्याला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझ्या हातातली गोष्ट. नाव कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठं बघून पसंत करू नका. पुड्याच्या खऱ्या मापात प्रिंट काढा, हात लांब करून धरा आणि वाचा. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रे, रफार आणि खाली उकार येतात, त्यामुळे अक्षराला उंची लागते. 'स्मृतिगंध'सारखं नाव छोट्या पुड्यावर बसवायचं तर मूळ अक्षर बारीक करावं लागतं. लाल रंगावर पांढरी अक्षरं सोडली की शाई कडांनी आत पसरते आणि क्ष, ज्ञ, द्ध यांच्या आतल्या बारीक फटी बुजतात. जाड, वळणदार अक्षरात तर जास्तच. 'सुगी', 'मैना' अशी मोकळ्या अक्षरांची नावं कितीही लहान केली तरी वाचता येतात. दुकानदाराच्या फळीवर, पिवळ्या दिव्याखाली, दहा फुटांवरून.

इंग्रजी नाव पसंत असलेल्यांनीही ते देवनागरीत लिहून बघावंच. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठीत नाव हवं आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही हे लागू झालं. तेव्हा पाटीवर जे मोठं दिसणार तेच आधी नीट दिसायला हवं.

अंकशास्त्राप्रमाणे स्पेलिंगमध्ये जादा अक्षर घालून आणणारे बरेच असतात. श्रद्धेचा मान ठेवूनच सांगते: ते अक्षर लोगोत ठेवा, पण वेबसाइटचा पत्ता आणि इन्स्टाग्रामचं नाव साध्या स्पेलिंगने घ्या. लोक साधंच टाइप करतात.

नाव तुमचं आहे का

"शॉप अ‍ॅक्ट काढलाय, म्हणजे नाव आमचंच झालं की," हे मी सतत ऐकते. तसं नसतं. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, जीएसटी, फूड लायसन यांपैकी कशानेही ब्रँडच्या नावावर हक्क मिळत नाही. कंपनी नोंदवली तरी ते कंपनीचं नाव, ट्रेडमार्क नव्हे. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

पहिली पायरी फुकट आहे. भारत सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्क शोधायची सोय आहे. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग केलेले आहेत: मसाला, पीठ, चहा ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, साबण-सौंदर्यप्रसाधनं ३ मध्ये, खानावळ-हॉटेल ४३ मध्ये. आपल्या वर्गात नाव जसंच्या तसं शोधा, आणि मग उच्चारावरून शोधायचा पर्याय वापरून परत शोधा. हा दुसरा शोध बहुतेक जण करत नाहीत, आणि घोळ तिथेच होतो. न्यायालय कानाने ऐकून ठरवतं. 'ग्लुकोविटा' असताना बिस्किटांसाठी 'ग्लुविटा' नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ठरवलं. १९६२ मध्ये प्रश्न आला 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा. भाषेच्या अभ्यासकाला दोन्ही शब्द वेगळे, पण न्यायालयाने बघितलं ते साध्या गिऱ्हाइकाकडे, ज्याला नाव अर्धवट आठवतं. त्याची फसगत होऊ शकते, असं ठरलं. तेव्हा एखाद्या चालत्या नावाचं एक अक्षर बदलून आपलं नाव करण्याची वाट धरू नका. मी असं काम परत पाठवते, कारण नोटीस आली की छापलेला सगळा रोल भंगारात जातो.

शोधात नाव मोकळं दिसलं तर बाजारातही फिरून या, कारण नोंदणी न करता आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही हक्क असतो. मार्केट यार्ड, आठवडी बाजार, ऑनलाइन दुकानं, सगळीकडे बघा.

मग अर्ज. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाची फी ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत घेताना उद्यम प्रमाणपत्र जोडा. मसाला आणि लोणचं दोन्ही असेल तर दोन वर्ग, दोनदा फी. पैसे एकाच अर्जाचे असतील तर लोगोआधी साध्या अक्षरातल्या नावाचा अर्ज करा. लोगो पुढे बदलतो, नाव राहतं. अर्ज केल्यावर नावाशेजारी टीएम लिहिता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी छापला तर दंडाला पात्र ठरता, म्हणून ते चिन्ह कुणी मागितलं की मी प्रमाणपत्र बघायला मागते. तपासणीतून पार पडलेला अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करत राहायचं. हरकत आली किंवा तपासणीत शंका निघाली तर वकिलाकडे जा, तिथे पैसे वाचवू नका.

सिलिंडर शेवटी

चार-पाच रंगांचा छापील पाऊच हवा असेल तर प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, कोरावा लागतो. नाव बदललं की नावाला लागलेल्या प्रत्येक रंगाचा सिलिंडर नवा, शिवाय छापून झालेला रोल वाया. म्हणून नव्या माणसाला मी सिलिंडर करूच देत नाही. साधे कोरे पाऊच घ्या, त्यावर थोडी स्टिकर छापून लावा. लायसनचा १४ आकडी नंबर, वजन, घटक, तारखा, पत्ता ही सगळी सक्तीची माहिती स्टिकरवरही हवीच. एक मोसम असा माल विका. दुकानात पुडा ठेवून निघून येऊ नका, थोडा वेळ थांबा. बायका काय म्हणून मागतात? दुकानदार पोऱ्याला आतून काय आणायला सांगतो? तो तुमच्या चार अक्षरी नावाचं दोन अक्षरी करून टाकत असेल तर ते लक्षपूर्वक ऐका. कधीकधी तेच जास्त चांगलं असतं, आणि अजून बदलायची संधी तुमच्या हातात असते.

या काळातलं पहिलं बिल नावासकट, तारखेसकट फाइलला लावा. पहिल्या स्टिकरचा नमुना, पहिल्या प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो, दुकानदाराची पोच, सगळं त्याच फाइलमध्ये. नाव कधीपासून वापरता असं कुणी विचारलं तर उत्तर म्हणून हेच कागद पुढे ठेवायचे आहेत. ती फाइल आणि अर्जाची पावती घेऊन या, मग सिलिंडरचं बोलू.